बीएमआय काढा, आणि मग टेपही काढा

आरोग्य तपासणीच्या रिपोर्टात पहिल्याच पानावर उंची-वजनाखाली एक चौकट असते : बीएमआय २४.१. एका लॅबच्या रिपोर्टात त्यापुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टात त्याच आकड्यापुढे ‘ओव्हरवेट’. मोजण्यात कुणी चुकलेलं नसतं. दोघांनी तक्ते वेगळे लावलेले असतात, आणि कुठला तक्ता लावला हे रिपोर्टात सहसा लिहिलेलं नसतं.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. संपलं. त्यात चरबी मोजलेली नाही, स्नायू मोजलेले नाहीत, पोट तर मुळीच मोजलेलं नाही. हा भागाकार बेल्जियमच्या अडॉल्फ केटलेने १८३० च्या दशकात मांडला. तो डॉक्टर नव्हता, खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातला माणूस होता, आणि ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव बरंच नंतर, १९७२ साली, अमेरिकेतल्या अन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी दिलं. अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज घ्यायला हा आकडा चांगला. एकट्या माणसावर लावताना मात्र त्याच्या शेजारी आणखी दोन-तीन मापं ठेवावी लागतात.

आपल्याकडे जास्त धोका कुणाला, हे आधीच सांगून ठेवतो. बीएमआयने उगाच ‘जाड’ ठरवलेल्यांना फारसा नाही. हातपाय बारीक, पोट सुटलेलं आणि रिपोर्टात ‘नॉर्मल’, अशांना तो जास्त आहे.

काय काय लागेल

- बांधकामाची स्टीलची टेप (उंचीसाठी)
- शिंप्याची टेप, न ताणलेली (कमरेसाठी)
- डिजिटल वजनकाटा
- एक जाड पुस्तक किंवा खोका, पेन्सिल
- दोन मीटर सुतळी
- मोबाइलमधला कॅल्क्युलेटर
- असतील तर गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट

१. उंची खरी मोजा, आठवणीतली लिहू नका

बहुतेकांची उंची कॉलेजात असताना मोजलेली असते, आणि तीही चपलेसकट. बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली चूक फुगते. ६४ किलोचा माणूस १६३ सेंटिमीटर असेल तर बीएमआय २४.१. त्याने १६५ सांगितले की २३.५, १६० सांगितले की बरोबर २५. म्हणजे उंचीत दोन सेंटिमीटर चुकणं आणि वजनात दीड किलो चुकणं सारखंच.

भिंतीला खालची लाकडी किंवा फरशीची पट्टी नसेल अशी जागा निवडा, नाहीतर टाचा पुढे सरकतात. अनवाणी उभे राहा. टाचा, नितंब आणि पाठीचे खवाटे भिंतीला. अंबाडा किंवा वर बांधलेले केस सोडा. नजर समोर, हनुवटी उचलायची नाही. दुसऱ्या कुणाला तरी डोक्यावर पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवायला सांगा, पुस्तकाच्या खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करा आणि जमिनीपासून स्टीलच्या टेपने मोजा. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, त्यामुळे संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी येऊ शकते. सकाळी मोजलेली धरा.

२. वजन : काट्याचीही परीक्षा घ्या

सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा. सतरंजी, गालिचा किंवा हलणारी फरशी असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका. दिवसभरात वजन किलो-दोन किलोंनी सहज हलतं, आणि ती चरबी नसते. पाणी, जेवण, आदल्या रात्रीचं खारट, मासिक पाळीच्या आधीची सूज, असं सगळं त्यात येतं.

काटा बरोबर आहे का ते असं बघा : आधी नुसते उभे राहा, मग दहा किलो तांदळाची न फोडलेली पिशवी हातात घेऊन उभे राहा. फरक दहा किलोच्या आसपास यायला हवा. अर्धा किलोहून जास्त चुकत असेल तर आधी सेल बदला. काही डिजिटल काटे थोडासा फरक ‘विसरतात’ आणि मघाचाच आकडा पुन्हा दाखवतात. लागोपाठ तीनदा दशांशापर्यंत तंतोतंत तोच आकडा आला की खूश होऊ नका.

३. भागाकार करा, आणि फूट-इंचांच्या खड्ड्यात पडू नका

कॅल्क्युलेटरवर वजन ÷ उंची ÷ उंची, एवढंच दाबा. उंची मीटरमध्ये. ६४ ÷ १.६३ ÷ १.६३ = २४.०९.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस अॅपमध्ये ५.१० टाकतो. अॅप ते ५.१ फूट समजतं, म्हणजे १५५.४ सेंटिमीटर. खरी उंची १७७.८. वजन ७२ किलो असेल तर खरा बीएमआय २२.८ आणि अॅपचा २९.८. एका टिंबाने धडधाकट माणूस लठ्ठांच्या यादीत. म्हणून फूट गुणिले ३०.४८, इंच गुणिले २.५४, बेरीज करा आणि सेंटिमीटरच वापरा.

‘उंची वजा शंभर’ हा जुना हिशेब अजून घरोघरी चालतो. दीडशे सेंटिमीटरच्या बाईला तो ५० किलो देतो, म्हणजे बीएमआय २२.२. ठीक. पण १८० सेंटिमीटरच्या माणसाला ८० किलो, म्हणजे २४.७. उंच माणसांवर हा हिशेब जरा मेहेरबान आहे.

४. कुठला तक्ता लावायचा

जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण तक्ता : १८.५ ते २४.९ सामान्य, २५ ते २९.९ जास्त वजन, ३० आणि पुढे लठ्ठपणा.

भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेला तक्ता : १८ ते २२.९ सामान्य, २३ ते २४.९ जास्त वजन, २५ आणि पुढे लठ्ठपणा.

तुम्ही पुण्यात असा, मडगावात असा की न्यू जर्सीत, वंशाने भारतीय असाल तर दुसरा तक्ता लावा. परदेशातल्या दवाखान्यात पहिला लावला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे हे मुद्दाम बोलून दाखवा.

आपल्या रेषा खाली का आणल्या, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडीचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसरा रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यापुरता धावतो, अशी कोपरखळीही त्यांनी त्यात मारून ठेवली आहे. पण सगळा दोष लिफ्टचा नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं याच गटाने अभ्यासली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलोच्या घरात, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. ‘थिन-फॅट’ हा शब्द तिथून रूढ झाला : वरून बारीक, आतून चरबीचा.

५. आता टेप काढा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती साठणारी चरबी मांड्या-नितंबांवरच्या चरबीपेक्षा जास्त उपद्रवी असते. मधुमेह, रक्तदाब, फॅटी लिव्हर या मंडळींशी तिचं सूत जुळतं. बीएमआयला ती दिसत नाही, टेपेला बऱ्यापैकी दिसते. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यात बीएमआयने लठ्ठ ठरले २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराने ३९.५ टक्के.

मोजायची रीत :

- पोटावरचा कपडा वर घ्या, पाय जुळवून सरळ उभे राहा, हात बाजूला सैल.
- कुशीत बोटांनी दाबत शेवटची बरगडी शोधा. तिथे पेनाने टिंब.
- मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. तिथे दुसरं टिंब.
- दोन्ही टिंबांच्या बरोबर मध्ये टेप धरा. बेंबी हा ठोकताळा आहे, सुटलेल्या पोटात बेंबीच खाली सरकलेली असते.
- टेप मागून-पुढून एका पातळीत आहे का ते आरशात बघा. मागे घसरली की आकडा चुकतो.
- टेप त्वचेला लागावी, रुतू नये. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही.
- दोनदा मोजा. सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

मर्यादा : पुरुष ९० सेंटिमीटर, स्त्रिया ८० सेंटिमीटर. इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. तिथे किंवा त्यापुढे पोचलात तर तो पोटाचा लठ्ठपणा.

‘माझी पँट चौतीसची आहे’ हे उत्तर चालत नाही. पँट पोटाखाली बसते, घेर पट्ट्याच्या वर असतो. चौतीस इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, वाटतं आत आहोत, आणि टेप लावली की ९६ निघतात. शिवाय तयार कपड्यांवरचा नंबर आणि प्रत्यक्ष घेर यांचं प्रत्येक कंपनीगणिक वेगळं नातं असतं. बायकांनी परकराच्या नाडीच्या वळावर मोजू नये. तो वळ मधल्या जागेवर असेलच असं नाही, आणि रुतलेल्या जागी घेर कमी भरतो.

दुसरी कसोटी आणखी सोपी : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. सुतळी डोक्यापासून टाचेपर्यंत मोजून कापा, मधोमध दुमडा आणि ती दुहेरी सुतळी त्याच मधल्या जागी कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली तर बरं. जुळली नाहीत तर तपासण्या करून घ्या. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२२ पासून हीच कसोटी पुढे केली आहे : ०.५ पासून धोका वाढता, ०.६ पासून जास्त.

बुटक्या बायकांच्या बाबतीत या दोन कसोट्या भांडतात. १४८ सेंटिमीटर उंचीच्या बाईची कंबर ७८ असेल तर ती ८० च्या आत आहे, पण निम्म्याच्या, म्हणजे ७४ च्या, बाहेर आहे. अशा वेळी कडक कसोटी धरा.

६. हा आकडा कुणाला लावू नये

*मुलं.* अठरा वर्षांखाली वरचे तक्ते पूर्ण बाद. पाच ते अठरा वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. बीएमआय वयासमोर मांडतात आणि वक्ररेषा बघतात. पाचाखाली जागतिक आरोग्य संघटनेचे. वाढत्या मुलाला ‘तुझा बीएमआय २३ च्या वर गेला’ असं अॅप पाहून सांगू नका.

*गरोदर बायका.* गरोदरपणाच्या आधीचं वजन धरायचं, ते माहीत नसेल तर पहिल्या तिमाहीत नोंदणीच्या वेळचं.

*कसलेले शरीर.* उंची १७२, वजन ९० अशा पैलवानाचा बीएमआय ३०.४ येतो, आणि कंबर ८४ असते. तो लठ्ठ नाही. गोष्ट पुढे बिघडते. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. पाच वर्षांनी वजन तेच ९०, बीएमआय तोच, कंबर मात्र ९८. स्नायू गेले, चरबी आली आणि भागाकाराला पत्ता लागला नाही.

*साठीच्या पुढचे.* पाठीत बाक येतो, उंची कमी होते, वजन न वाढता बीएमआय वाढतो. उलट स्नायू झिजतात तेव्हा बीएमआय ‘नॉर्मल’ राहतो आणि ताकद जाते. त्यांच्यासाठी दोन मापं जास्त कामाची. एक, पोटरीचा सगळ्यात जाड घेर : पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याचा संशय घ्या. दोन, हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. बारा किंवा जास्त सेकंद लागले तर डॉक्टरांना सांगा. जवळ कुणी उभं असल्याशिवाय करू नका.

*अंगावर सूज असलेले.* मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाच्या आजारात साठलेलं पाणी वजनात मोजलं जातं. तिथे बीएमआयला अर्थ नाही, कमरेच्या टेपेलाही नाही.

चरबीचे टक्के दाखवणाऱ्या काट्यांबद्दलही विचारलं जातं. ते तळपायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतात आणि तुम्ही भरलेल्या वय-उंचीवरून सूत्राने टक्के काढतात. पाणी पिऊन, जेवून, व्यायाम करून मोजलं की आकडा बदलतो. आजचा आकडा खरा मानू नका. रोज एकाच वेळी मोजून दोन-तीन महिन्यांचा कल बघा. पेसमेकर असेल तर अशा काट्यावर उभंच राहू नका.

७. दोन्ही आकडे समोर ठेवून काय करायचं

बीएमआय २३ च्या आत, कंबरही आत : वर्षातून एकदा पुन्हा मोजा.

बीएमआय आत, कंबर बाहेर : सुरुवातीला म्हटलेली मंडळी ती हीच. रिपोर्टावरचं ‘नॉर्मल’ बाजूला ठेवा आणि तपासण्या करा.

बीएमआय बाहेर, कंबर आत : शरीर कसलेलं असेल तर काळजी कमी. तरी रक्तदाब आणि साखर बघून घ्या.

दोन्ही बाहेर : तपासण्या, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे.

तपासण्या म्हणजे रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज), लिपिड प्रोफाइल आणि यकृतासाठी एसजीपीटी. उपाशी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी. एक सावधगिरी : लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे नेहमीचं, म्हणून हिमोग्लोबिन सोबत करा.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने केलेली गुणपत्रिका घरबसल्या भरता येते, रक्त लागत नाही :

- वय : ३५ खाली ०, ३५ ते ४९ ला २०, ५० आणि पुढे ३०
- कंबर : पुरुष ९० खाली किंवा स्त्री ८० खाली ०, पुरुष ९० ते ९९ किंवा स्त्री ८० ते ८९ असेल तर १०, त्यापुढे २०
- हालचाल : नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम, दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०
- मधुमेह : आईवडिलांपैकी कुणाला नाही ०, एकाला १०, दोघांना २०

६० किंवा जास्त म्हणजे धोका जास्त, ३० ते ५० मध्यम. बेचाळीस वर्षांचा, बसून काम करणारा, कंबर ९४, वडिलांना मधुमेह : २० + १० + ३० + १० = ७०. या पत्रिकेत कंबर आहे, बीएमआयचं नावही नाही. आशाताई तिशीपुढच्यांचा सरकारी फॉर्म भरायला येतात तेव्हा कंबर विचारतात ती यासाठीच. अंदाजाने सांगू नका, मोजू द्या.

कमी करायचं ठरलं तर एकदम २२ चं स्वप्न बघू नका. आहे त्या वजनाच्या पाच टक्क्यांपासून साखर-रक्तदाबावर फरक दिसू लागतो. ६४ किलोला ते सव्वातीन किलो. व्यायाम सुरू केल्यावर अनेकदा कंबर आधी उतरते आणि काटा मागाहून हलतो, त्यामुळे महिनाभर काटा ढिम्म राहिला म्हणून सोडून देऊ नका.

आणि बीएमआय १८ च्या खाली असेल तर ‘अंगच तसं आहे’ म्हणून विषय बंद करू नये. विशेषतः प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन गेलं असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर आठवड्याभरात दाखवा. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड या यादीत पहिले येतात.

८. जिथे कागदावर बीएमआयच चालतो

विम्याच्या प्रस्तावात उंची-वजन तुम्हीच भरता. आठवणीतली उंची भरू नका. कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत वेगळं निघालं तर अडचण, आणि क्लेमच्या वेळी निघालं तर जास्तच. बीएमआय जास्त असेल तर हप्ता वाढू शकतो, तो किती हे आधी लेखी विचारा. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात मिळायला प्रमाणित अट अशी : वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा जास्त; किंवा ३५ पासून पुढे आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास यांपैकी काही, आणि साध्या उपायांनी वजन उतरलेलं नसणं. ही शेवटची बाब सिद्ध करायला जुनी प्रिस्क्रिप्शनं लागतात. ती फाइलमध्ये ठेवा, व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंच्या भरवशावर राहू नका.

९. नोंद

वहीचं एक पान पुरतं : तारीख, वेळ, वजन, कंबर. वजन आठवड्यातून एकदा, कंबर महिन्यातून एकदा, उंची वर्षातून एकदा. माणूस तोच, काटा तोच, टेप तीच. टेप कापडी असेल तर वर्षाकाठी ती स्टीलच्या टेपेशी ताडून बघा. वापरून ताणलेली टेप कंबर बारीक दाखवते.